४२ फुटी हॉल आणि दमाचा वर्ग : प्रकल्प नोंदी

२१ ऑक्टोबर २०२४, सोमवार

दम लागणाऱ्यांच्या व्यायामवर्गाला हॉल मिळाला. ग्रामपंचायतीचं सांस्कृतिक भवन, सोमवार आणि गुरुवार, सकाळी ११ ते १. भाडं नाही, झाडलोट आमची. टेप लावून मोजला: लांबी ४२ फूट, म्हणजे पावणेतेरा मीटर. सहा मिनिटं चालण्याच्या चाचणीला ३० मीटरची सरळ वाट लागते. ती या गावात एस.टी. स्टँडवर आहे नाहीतर शाळेच्या व्हरांड्यात, आणि दोन्हीकडे भर दिवसा आमच्या लोकांना चालवत नेणं जमणार नाही. तेव्हा शटल चाचणी, दोन खुणांमध्ये ये-जा करायची. तिला १० मीटर पुरतात.

हे का काढलं, ते एकदा लिहून ठेवते. माझ्या फिजिओथेरपीच्या ओपीडीत गुडघे येतात, कंबर येते, पक्षाघात येतो. दम लागणारी माणसं समोरच्या खिडकीत औषधं घेऊन परत जातात. सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार) असो, टीबीनंतर उरलेलं फुप्फुस असो, औषधाच्या जोडीला आठवड्यातून दोन-तीनदा असा दोनेक महिन्यांचा व्यायामाचा कार्यक्रम हवा, हे आम्ही कॉलेजात शिकलो. शिकलो आणि गुडघ्यांकडे गेलो.

सामानाची यादी: ऑक्सिमीटर (बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणारे) दोन, बीपीचं मशीन, स्पेसर (पंपाला जोडायची नळकांडी) चार, बाकड्याएवढी उंच पायरी (सुताराला सांगितली), प्लास्टिकच्या खुर्च्या हॉलमध्ये आहेत. ऑक्सिजनचा सिलिंडर मागच्या गल्लीतल्या दवाखान्यातून, चावीसकट. चावी विसरायची नाही. वजनांसाठी पाण्याच्या बाटल्यांत वाळू भरली आणि किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवली: लिटरची बाटली १ किलो ६०० ग्रॅम, अर्ध्या लिटरची ८००. दुकानदारानं विचारलं, वाळू काय भावानं विकणार?

२८ ऑक्टोबर, सोमवार

मिरजेच्या छातीच्या डॉक्टरांनी १४ जणांची यादी पाठवली होती. ९ ठरले. तिघांना आत्ता नको म्हटलं: एकाला तीन आठवड्यांपूर्वी हार्ट अटॅक येऊन गेलाय, एकीचं बसल्या जागी वरचं बीपी १९० आहे, एकाच्या थुंकीचा टीबीचा रिपोर्ट यायचाय. तो आल्याशिवाय त्याला बंद हॉलमध्ये बाकीच्यांबरोबर बसवणार नाही. दोघांनी फोनवरच हात जोडले.

नोंदीत नावं लिहीत नाही. वर्गात ज्याला जी हाक मारतो तीच इथं. आक्का ६८ वर्षांच्या, मावशी ५५ च्या, आणि एकाच वाड्यातल्या दोघी जावा. चौघींपैकी एकीनंही आयुष्यात विडी ओढलेली नाही, चौघी चुलीपुढच्या. पुरुषांत कंडक्टर काका (विडी, पाच वर्षांपूर्वी सोडली), मास्तर (दोनदा टीबीचा कोर्स), आबा (गुऱ्हाळावर चाळीस वर्षं), तात्या (फुप्फुस आकसत जाण्याचा आजार, म्हणजे फायब्रोसिस) आणि एक वेल्डर, ४२ वर्षांचा, टीबी होऊन गेलेला. २०१६ च्या देशव्यापी अंदाजात भारतात सीओपीडीचे साडेपाच कोटी रुग्ण धरलेत. तेव्हापासून आमच्या तालुक्याच्या वाट्याला किती येतील याचा हिशोब मनात चालू असतो. पण हॉलमध्ये खुर्च्या चाळीसच आहेत.

फोनवर बहुतेक घरांत पेशंट नाही, मुलगा नाहीतर सून बोलली. आणि एक वाक्य पाच घरांतून जसंच्या तसं आलं: "त्यांना आम्ही काही करू देत नाही." बोलणाऱ्याच्या आवाजात अभिमान. मी बरं म्हणाले. नऊही जणांच्या मांड्या बघितल्यावर या वाक्याचा अर्थ कळला. आक्कांच्या मांडीचा घेर माझ्या दंडापेक्षा फार जास्त नसावा.

६ नोव्हेंबर, बुधवार

पहिल्या चाचण्या. दिवाळी उरकेपर्यंत थांबलो होतो, तरी फटाक्यांच्या धुरानं आबांची छाती भरलेलीच होती. त्यांची चाचणी शुक्रवारी घेणार.

शटल चाचणी म्हणजे ९ मीटरवर दोन खुणा (उपड्या बादल्या, विटा ठेवल्या असत्या तर अडखळून कोणीतरी पडलं असतं), वळायला दोन्हीकडे अर्धा-अर्धा मीटर. स्पीकरवर टूं वाजतं, तेवढ्या वेळात समोरच्या बादलीपाशी पोचायचं. पहिल्या मिनिटात तीन फेऱ्या, दुसऱ्यात चार, तिसऱ्यात पाच, असा दर मिनिटाला वेग वाढतो. वेग वाढताना टूं टूं टूं असं तीनदा वाजतं. लेस्टरच्या लोकांनी १९९२ मध्ये बसवलेली चाचणी. रेकॉर्डिंगमधला माणूस इंग्रजीत बोलतो, त्यामुळे तो गप्प आणि मी बोलणार.

हे समजावताना माझी पाच मिनिटं गेली. आक्का म्हणाल्या, "म्हंजे शाळेतली कवायत?" मास्तरांनी भौतिकशास्त्रात शिरून वेग आणि अंतर यांचं सूत्र मांडलं. शेवटी कंडक्टर काका उभे राहिले: "एक बेल, स्टॉप आला. तीन बेल, ड्रायव्हरनं गिअर टाकला. चला." पुढं कोणालाच काही सांगावं लागलं नाही.

आक्कांच्या बोटावर ऑक्सिमीटरनं ७९ दाखवलं तेव्हा माझाच ऊर धपापला. त्या मात्र आरामात दिवाळीच्या करंज्यांबद्दल बोलत होत्या. बोटं बर्फासारखी गार, त्यावर भाऊबीजेची मेंदी. हात चोळून गरम केले, दुसऱ्या हाताच्या कमी रंगलेल्या बोटाला लावलं, पडद्यावरची लाट नीट येईपर्यंत थांबले: ९४. आधी माणसाकडे बघायचं आणि मग आकड्याकडे, हे मी विद्यार्थ्यांना सांगते.

आकडे: आक्का ९० मीटर. मावशी १६०. काका २१०. मास्तर १८०. वेल्डर ३३०, त्याला तर मीच थकवलं नाही असं वाटलं. दोघी जावा ११० आणि १३०. तात्या १२० वर असताना ऑक्सिजन ८२ ला आला, मी थांबवलं. ते म्हणाले, "मला काही होत नव्हतं." तेच तर.

चूक नोंदवून ठेवते: ही चाचणी आधी एकदा सरावाची घेऊन मग खरी घ्यायची असते, कारण दुसऱ्या वेळी माणूस फक्त सरावानंच जास्त चालतो. दोघी जावांची सरावाची फेरी मी गाळली. त्यांची १२:४० ची गाडी होती.

कॅट प्रश्नावलीत (सीओपीडीचा रोजच्या जगण्यावर किती परिणाम होतो ते विचारणारी) आठ प्रश्न आहेत. त्यातला एक टेकडी किंवा एक जिना चढण्याचा. आक्का: "आमच्या घराला जिना न्हाई." मग काय चढता? "न्हाणीची पायरी." तिथं दम लागतो का? "तिथं कशाला, लुगडं नेसतानाच लागतो." लिहून घेतलं. आठ प्रश्नांत लुगडं नाही.

११ नोव्हेंबर, सोमवार. वर्ग पहिला

अकराला हॉलमध्ये मी, खुर्च्या आणि कंडक्टर काका. बाकी सगळे ११:२५ ला, कारण दहा पन्नासची गाडी फाट्यावर थांबून राहिली. अर्ध्या तासानं सुरुवात.

पहिलं काम फुंकर. नाकानं श्वास आत, ओठांचा चंबू, आणि घेतला त्याच्या दुप्पट वेळ हळू बाहेर. सीओपीडीत हवा आत जाते पण बाहेर पडायला वाट अरुंद. श्वास घाईघाईत घेतला की आधीची हवा पुरती निघायच्या आत नवी आत येते, छाती फुगत जाते, आणि फुगलेल्या छातीत नवा श्वास मावत नाही. म्हणून बाहेर सोडणं महत्त्वाचं. मी मेणबत्तीचं उदाहरण घेऊन गेले होते (विझवायची नाही, ज्योत नुसती हलवायची). मावशींनी मेणबत्तीकडे बघितलंसुद्धा नाही. "फुंकणीनं निखारा फुलवतो तसं ना?" तसंच. चौघी बायकांचा चंबू पहिल्या फटक्यात बरोबर, जोर बेताचा, लांबी उत्तम. पुरुषांना वीस मिनिटं लागली. ज्या कामानं छाती गेली त्याच कामानं या बायकांना सोडायचा श्वास शिकवून ठेवलाय. हे त्यांना बोलून दाखवलं नाही.

दम मोजायला बोर्गची ० ते १० पट्टी असते. भिंतीवर तिचं आमचं भाषांतर लावलं, शब्द त्यांचेच: ० "काय न्हाई", ३ "बरा दम, गप्पा चालतात", ५ "भाता सुरू, अर्धं वाक्य", ७ "मान हलवून उत्तर", १० "जीव जातोय". व्यायाम ४ ते ६ च्या मधे. म्हणजे दम लागलाच पाहिजे. या वाक्याला हॉलमध्ये शांतता. आबांनी विचारलं, "दम लागला म्हंजे थांबायचं न्हवं?" मोठा मुलगा त्यांना दोन वर्षं तेच सांगतोय.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

व्यायाम अर्धाच झाला, पंपात (इन्हेलरमध्ये) वेळ गेला. प्रत्येकाला आपापला पंप आणून माझ्यासमोर घ्यायला सांगितलं. नऊपैकी दोघांचं बरोबर. एकानं पंप दाबला, मग श्वास घेतला, औषध जिभेवर. एकीनं हलवलाच नाही. मास्तर स्पेसर वापरतात, पण तोंडात न धरता समोर धरतात, सुगंध घेतल्यासारखा. आणि धाकट्या जाऊबाई रोटाहेलरची कॅप्सूल (तिच्यातली पूड श्वासानं ओढायची असते) गेले चार महिने सकाळ-संध्याकाळ पाण्याबरोबर गिळत होत्या. "डाक्टर म्हनले दोन टायम घ्या." त्यांनी घेतली. चूक त्यांची नाही. चिठ्ठी देणाऱ्याचा एक मिनिट वाचला, त्याची किंमत चार महिने.

पंपाची सवय लागते, ही समजूत नऊपैकी सहा जणांची. चष्म्याची सवय लागते का, असं मी विचारलं. आक्का म्हणाल्या, लागते की.

१८ नोव्हेंबर, सोमवार

हॉलला कुलूप. विधानसभेचं मतदान केंद्र होणार म्हणून ताब्यात गेला, सांगितलं कोणी नाही. मारुतीच्या पारावर वर्ग घेतला. खुर्च्या नाहीत, मग पाराच्या कट्ट्यावरून बसा-उठा. कट्टा खुर्चीपेक्षा बुटका, त्यामुळे आकडे नोंदवण्यात अर्थ नाही. पिंपळाखाली बायका आणि पुरुष एकत्र हात वर करतायत हे बघायला शाळेची मुलं जमली. दोघी जावा पदर सावरून सरळ घरी गेल्या.

वेल्डर आला नाही. फोनवर म्हणाला, मॅडम, आठवड्यात दोन दिवस खाडा म्हणजे रोज बुडतो. मी संध्याकाळची वेळ देऊ का विचारलं. संध्याकाळी ओव्हरटाइम असतो. नऊ जणांत सगळ्यात जास्त सुधारण्याची शक्यता त्याची होती. नऊचे आठ झाले.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

हॉल परत. माझ्या जमिनीवरच्या पट्ट्या कोणीतरी खरवडून काढल्यात आणि कोपऱ्यात पुठ्ठ्याचा मतदान कक्ष तसाच उभा आहे. पुन्हा टेप, पुन्हा ९ मीटर.

काल मतदान होतं आणि जागतिक सीओपीडी दिनही कालच होता. नोव्हेंबरचा तिसरा बुधवार. बॅनर लावायचं राहिलं ते बरंच झालं. आक्का मतदानाच्या रांगेत अर्धा तास उभ्या होत्या. दम लागल्यावर शिकवल्याप्रमाणे भिंतीला कोपरं टेकवून पुढं वाकल्या (हात टेकले की खांद्याचे स्नायू श्वासाच्या मदतीला मोकळे होतात). पोलीस धावत आला, चक्कर आली समजून. "त्याला म्हनलं, व्यायाम हाय."

२८ नोव्हेंबर, गुरुवार. वर्ग सहावा

मास्तरांनी आज वर्ग अडवला. शांतपणे, हात वर करून. "या सगळ्यानं फुप्फुस सुधारणार आहे का?"

नाही. खरं तेच सांगितलं. फुंकर चाचणीचा (स्पायरोमेट्री, फुप्फुस किती हवा बाहेर टाकतं ते मोजणारी) आकडा आठ आठवड्यांनी होता तेवढाच राहील. डाग तसेच राहतील. मग?

फळ्यावर पाय काढला. माणूस दम लागतो म्हणून बसतो. बसला की मांड्या वाळतात. वाळलेली मांडी त्याच कामाला लवकर थकते आणि थकली की रक्तात आम्ल सोडते. ते बाहेर टाकायला श्वास वाढवावा लागतो, आणि नेमकी तीच गोष्ट या छातीला झेपत नाही. म्हणून न्हाणीपर्यंत जाताना दम. म्हणून आणखी बसणं. आपण छातीला हात लावत नाही, मांडीला लावतो. मांडी तयार झाली की तेवढ्याच वाटेला श्वास कमी लागतो, श्वास कमी लागला की छाती कमी फुगते.

मास्तर म्हणाले, पुरावा? त्यांचा विषय गणित होता. म्हटलं, २०१५ मध्ये कॉक्रेनवाल्यांनी (वैद्यकीय पुरावे एकत्र तपासणारी संस्था) ६५ चाचण्या एकत्र मांडल्या, मिळून ३८२२ माणसं. निष्कर्ष इतका स्पष्ट होता की व्यायाम द्यावा की नाही हे तपासायला आता आणखी चाचण्या नकोत, असं संपादकांनी सोबत लिहिलं. मास्तरांनी दोन्ही आकडे वहीत उतरवले आणि विचारलं, त्यात टीबीवाले किती? मी गप्प. ती सगळी सीओपीडीची माणसं होती. त्यांनी "बरं" म्हणून पायरीवर चढ-उतार सुरू केली.

आजपासून काकांना अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या. हात डोक्याच्या वर जातानाच श्वास सोडायचा. हात वर नेला की छातीच्या वरचे स्नायू हाताच्या कामाला लागतात आणि श्वासाला कमी पडतात. केस विंचरणं, दोरीवर कपडे टाकणं, लुगडं नेसणं ही चालण्यापेक्षा जड वाटतात ती यामुळे.

२ डिसेंबर, सोमवार

तिकडे किनाऱ्यावर फेंगल वादळ आणि इकडे आभाळ भरून आलंय. हजर चार.

गाडीचा प्रश्न मात्र सुटला. कंडक्टर काका शनिवारी डेपोत जाऊन आले. त्यांचं म्हणणं, दहा पन्नासच्या मागं लागू नका, ती मुळातच उशिरा सुटते. दहा पाचची दुसरी आहे, ती वाडीवरून वळून येते, पंधरा मिनिटं जास्त, पण वेळेवर. वर्ग साडेदहाला घ्या. एवढंच. दोन आठवडे मी रिक्षाला पैसे कुठून आणायचे याचा हिशोब करत होते. बायकांना अर्धं तिकीट आहे आणि आबांना पंचाहत्तरच्या वर असल्यानं पूर्ण माफ, तेव्हा अडचण भाड्याची नव्हतीच, वेळेची होती.

९ डिसेंबर, सोमवार

आबा दवाखान्यात. शेजारच्या शेतात उसाचं पाचट पेटवलं, संध्याकाळी वारा पडला, धूर वस्तीवर बसला. दोन दिवस बेडका पिवळा-हिरवा पडत होता आणि दम वाढत होता. शुक्रवारी रात्री भरती केलं. "रंग बदलला की दोन दिवस वाट बघायची नाही" हे मी दोनदा सांगितलं होतं, पण आबांना. घरात निर्णय मुलगा घेतो आणि मुलगा वर्गात नव्हता.

मुलगा भेटला. चिडलेला. "तुमच्या व्यायामानं झालं." मी पाचटाचं बोलले नाही, पाचट त्याच्या चुलतभावाचं आहे. एवढंच सांगितलं की सुटल्यावर महिन्याच्या आत त्यांना परत पाठव, भरती होऊन आलेल्याला याची गरज जास्त. तो काही बोलला नाही.

१२ डिसेंबर, गुरुवार

वर्गानंतर आक्कांच्या घरी गेले. सुनेनंच बोलावलं होतं.

घर नीट बघितलं. स्वयंपाकघरात गॅस. आतल्या कोपऱ्यात सारवलेली चूल, आता फक्त सणाच्या भाकरीला. न्हाणीजवळ दुसरी, पाणी तापवायची, तीन दगडांची, रोज तासभर लाकडावर. तिचा धूर थेट आक्कांच्या बाजेवर येतो. गॅस आला, चूल गेली असं कागदावर असतं. घरात चहा गॅसवर गेला, आंघोळ तिथंच राहिली.

सून शहाणी मुलगी आहे, बारावी झालेली. तिनं सासूला स्वयंपाकघरात येणं बंद केलं ते तीन वर्षांपूर्वी, भाकऱ्या करताना आक्का चुलीपुढं निळ्या पडल्या तेव्हा. त्यानंतर भाजी निवडणं बंद, कारण वाकावं लागतं. कपडे वाळत घालणं बंद. अंगण बंद. पाण्याचा तांब्यासुद्धा हातात. "लोक म्हणतील म्हातारीला राबवते." आणि आक्का दारातल्या बाजेवर, आल्यागेल्याकडे बघत. मी येईपर्यंत मला वाटत होतं की सुनेला समजावायचंय. तिथं बसल्यावर वाटलं, हिनं घाबरून जे केलं ते तिच्या जागी मीही केलं असतं. माझ्या वडिलांच्या बायपासनंतर मी त्यांना सहा महिने पिशवी उचलू दिली नाही, फिजिओथेरपिस्ट असून.

एकेक काम परत द्यायचं ठरलं, एका आठवड्याला एक. पहिलं, भाजी निवडणं, पण टेबलावर, कोपरं टेकवून. दुसरं, वाळलेले कपडे दोरीवरून काढून घड्या. टाकायचे नाहीत, ओल्याचं वजन जास्त. आंघोळ स्टुलावर बसून. लुगडं निम्मं बसून नेसायचं, निऱ्या बसूनच, उभं राहायचं ते फक्त खोचताना. न्हाणीची चूल घराच्या मागं, वाऱ्याखाली. सुनेनं दगड त्याच संध्याकाळी हलवतो म्हणून सांगितलं. आक्का मधेच म्हणाल्या, "आणि भाकरी?" सुनेनं माझ्याकडे बघितलं. मी विषय बदलला.

१९ डिसेंबर, गुरुवार

सगळे हजर, आबा सोडून. मावशी पायरीवर सलग पंधरा मिनिटं. भात्याचा आकडा ५. काही लिहिण्यासारखं नाही, म्हणजे दिवस चांगला गेला.

२६ डिसेंबर, गुरुवार

तात्यांचं. चालताना ऑक्सिजन दर वेळी पंच्याऐंशीच्या खाली, आता बसल्या जागीही ८७. मिरजेला पाठवलं, धमनीतल्या रक्ताची तपासणी झाली, घरी ऑक्सिजन सांगितला, दिवसाला किमान १५ तास. तेवढे तास भरले तरच फायदा, हे १९८०-८१ च्या दोन जुन्या चाचण्यांपासून माहीत आहे. त्या सीओपीडीच्या होत्या, पण नियम तोच लावतात. तात्यांच्या मनात वेगळंच: "नळी लागली म्हणजे संपलं."

मशीन कुठून? करोनात मिळालेला पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं मशीन) एका कार्यालयात झेंड्यांच्या गठ्ठ्याखाली सापडला, २०२१ पासून बंद. चालू केला, आवाज झकास, हवा येते. सगळे खूश. मी शुद्धता मोजायचा हट्ट धरला. नव्वदच्या वर हवी, निघाली ७१. आतली चाळणी गेलेली. म्हणजे मशीन घरघर करत राहिलं असतं आणि तात्या पुरता ऑक्सिजन मिळतोय समजून बसले असते. दुरुस्तीला पाठवलं. तोवर भाड्याचं. वीज जाते तेव्हासाठी छोटा सिलिंडर.

वर्गात ते नळी लावून आले. काका म्हणाले, "तात्या, स्पेशल गाडी." तात्या हसले. चालताना ९० च्या वर राहिले आणि पहिल्यांदाच न थांबता दहा मिनिटं झाली.

६ जानेवारी २०२५, सोमवार. फेरचाचणी

सोळा वर्ग संपले. बारा किंवा जास्त वर्गांना आलेले सहा: आक्का, मावशी, काका, मास्तर, दोघी जावा.

आक्का ९० वरून १५०. मावशी १६० वरून २३०. काका २१० वरून २७०. मास्तर १८० वरून २००. फरक जाणवायला साधारण ३५ ते ४८ मीटर वाढ लागते, तेव्हा हे नाहीच धरायचं. त्यांनी वहीत "+२०, नगण्य" असं स्वतःच लिहिलं. पण त्यांचा कफ आता सकाळी दहा मिनिटांत निघतो, पूर्वी तास जायचा. आरशावर वाफ धरतो तसं "हाऽ" करून कफ वर आणायचं तंत्र त्यांनी रोज केलं. शटलला कफ मोजता येत नाही.

दोघी जावा ५० आणि ६० मीटरनं वाढल्या, आणि तो आकडा मी कुठंही मिरवणार नाही, कारण सरावाची फेरी गाळलेली. तात्यांची तुलना होत नाही, आधी ऑक्सिजनशिवाय आणि आता लावून. आबांचे पाच वर्ग झाले. ते आज आले. मुलगा सोडायला आला आणि दारात उभा न राहता आत खुर्चीवर बसला.

खुर्चीतून एका मिनिटात किती वेळा उठता येतं ही चाचणी एकाच खुर्चीवर घ्यायची म्हणून तिच्या पायाला नेलपॉलिशची खूण केली होती. कोणीतरी लग्नाला खुर्च्या नेल्या, परत आल्या त्यात ती नाही. चाचणी रद्द.

९ जानेवारी, गुरुवार

पुढं काय, यावर बसलो. आठ आठवडे कमावलेलं वर्षभरात ओसरतं, चालू ठेवलं नाही तर. काका म्हणाले, सोमवार मी घेतो. टूं टूंचं रेकॉर्डिंग त्यांच्या फोनवर टाकलं. अटी तीन: बसल्या जागी ऑक्सिजन ८८ च्या खाली असेल त्याला चालवायचं नाही, छातीत दुखलं की बंद आणि दवाखान्याला फोन, आणि नवा माणूस माझ्याकडून तपासून आल्याशिवाय आत नाही. काकांनी तिन्ही वाक्यं तिकिटांच्या जुन्या पाकिटामागं लिहून खिशात ठेवली.

१३ जानेवारी, सोमवार. भोगी

काकांचा पहिला वर्ग. मी मागं बसले. हजर चार. आक्का नाहीत.

दुपारी सुनेचा फोन. "मॅडम, तुम्हीच सांगा त्यांना." ती दळपाला गेली, तासानं परत आली तर आतली चूल पेटलेली. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या. अकरा. कोणाची मदत नाही, उभं राहून पीठ काढलं, वाकून लाकडं ओढली, बसून थापल्या, उठून ताटात रचल्या. मी विचारलं, निळ्या पडल्या का? नाही. खोकला? थोडा. मधे दोनदा दाराशी येऊन भिंतीला टेकून फुंकर घातली म्हणे, आणि परत आत.

आक्कांनी फोन घेतला. गॅसवर भाकरी फुगत नाही, हे त्यांचं म्हणणं. मी धुराबद्दल बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तीन वर्षं हिच्या हातची खाल्ली पोरी, भोगीला माझी हाय."

नोव्हेंबरात त्यांना लुगडं नेसता येत नव्हतं. त्यांना उभं मीच केलं, आणि उभ्या राहून त्या सरळ चुलीपुढं जाऊन बसल्या. सुनेनं जे बंद केलं होतं त्यातली बाकी सगळी कामं मी परत देववली. हे एक तिचंच बरोबर होतं, आणि नेमकं त्यावर १२ डिसेंबरला मी विषय बदलला होता.

दुसऱ्या तुकडीसाठी: धुराचा तास पहिल्याच आठवड्यात, घरच्यांना बोलावून. उन्हाळ्याच्या आत आक्कांकडे जाऊन चुलीवर धुराडं बसवता येतं का ते बघणे, आतल्या चुलीमागची भिंत कौलांपर्यंत सरळ आहे. सुतार ओळखीचा आहे, गवंडी शोधावा लागेल. जावांची सरावाची फेरी घेऊन पुन्हा चाचणी. नेलपॉलिशवाली खुर्ची.